पन्नास हजारांतला संगणक

गेम खेळण्यासाठी संगणक बांधायला निघालेल्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो ग्राफिक कार्डाचा. कार्ड कोणतं, किती जीबीचं, किती फ्रेम्स देतं. जामनेरात राहणाऱ्याने मात्र सुरुवात भिंतीतल्या प्लगपासून करावी, असं माझं मत आहे. ते मांडायला जरा लांबून यावं लागेल.

मी कापसाच्या व्यापाऱ्यांचे आणि एका जिनिंगचे हिशेब लिहितो. दिवसा टॅली, रात्री गेम. चाळिशी ओलांडलेला माणूस गेम खेळतो याचं आमच्या गल्लीत अजून नवल आहे. तोच माणूस मध्यरात्रीपर्यंत पत्ते कुटत बसला तर कुणी काही म्हणत नाही. आमच्या पिढीला हा नाद लागला तो एमएस-सीआयटीच्या वर्गात. 2001 नंतर गावोगावी ते वर्ग निघाले, सरकारी नोकरीला सर्टिफिकेट लागतं म्हणून घरच्यांनी फी भरली, आणि सर चहाला गेले की वर्डच्या मागे ‘व्हाइस सिटी’ उघडायची. पुढे सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून ‘काउंटर स्ट्राइक’. असा माणूस कमवायला लागला की स्वतःचं मशीन घेतोच. मी 2014 च्या हंगामात घेतलं, जळगावच्या गोलाणी मार्केटमधून. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, 8 जीबी रॅम, एनव्हिडियाचं जीटीएक्स 750 टीआय कार्ड. कॅबिनेट एसटीत मांडीवर घेऊन नेरीमार्गे आणलं. त्यावर पुढच्या वर्षी आलेली ‘जीटीए फाइव्ह’ चालली आणि कितीतरी हंगामांचे हिशेबही झाले.

आता नवं बांधायचं ठरलं. भाचा जळगावला इंजिनिअरिंग करतो. तो फोनवर म्हणाला, “मामा, तुम्ही फक्त बजेट सांगा.” मी पन्नास हजार सांगितलं. हा आकडा तसा सोयीचा आहे. घरात बोलताना जीभ अडखळत नाही, आणि समोरचाही हसत नाही. संध्याकाळपर्यंत यादी आली: राइझन 5 5600 प्रोसेसर, त्याला साजेसा बोर्ड, 16 जीबी रॅम, 1 टीबी एसएसडी, एएमडीचं आरएक्स 6600 कार्ड, 550 वॅटचा एसएमपीएस आणि समोरून-बाजूने काच असलेलं कॅबिनेट, आत रंगीत दिवे. काच आणि दिवे सोडले तर यादी अगदी शहाणपणाची होती. राइझनचा एएम-4 सॉकेट 2017 पासून बाजारात आहे. एएमडी त्याच सॉकेटवर वर्षानुवर्षं नवे प्रोसेसर काढत राहिली, म्हणून त्याचे बोर्ड स्वस्त आहेत, जुनेही चालतात. कमी पैशात बसवणाऱ्याला याहून बरं काय हवं?

पण भाच्याची यादी ज्या व्हिडिओंवरून आली होती, ते व्हिडिओ एसी लावलेल्या खोलीत केलेले असतात. प्रोसेसरचा पंखा आत हवा फेकतो ती खोलीतलीच. खोली 24 अंशांवर असताना जो प्रोसेसर 70 वर थांबतो, तोच आमच्याकडे मे महिन्यात, बाहेर पंचेचाळीस आणि पत्र्याखालच्या खोलीत बेचाळीस असताना, नव्वदीला टेकतो. 5600 ची मर्यादाच 90 अंश. तिथे पोचला की तो स्वतःचा वेग कमी करतो. म्हणजे पैसे मोजले ते वेगाचे आणि उन्हाळाभर मिळणार त्याहून कमी. मग काचेचं कॅबिनेट कशाला? पुढे जाळी असलेलं साधं घ्यावं आणि वाचलेल्या पैशांत प्रोसेसरला जरा मोठा कूलर बसवावा.

जाळी घेतली की धूळ येते, हेही खरं. आणि आमच्याकडे नुसती धूळ नसते. जुनं मशीन विकायचं म्हणून मी ते ओसरीत आणून उघडलं. प्रोसेसरवरच्या ॲल्युमिनिअमच्या पात्यांमध्ये कापसाचे तंतू बसून त्याचा नमदा झाला होता; बोटाने ओढला तर अख्खा तुकडा निघून आला, राखाडी आणि मऊ. हंगामात अंगावर, कपड्यांवर जिनिंगमधून घरी येतात ते हे तंतू. वर मे महिन्यात दाराशी लावलेला पाण्याचा कूलर ओलसर हवा मारतो, त्यामुळे ते चिकटून बसतात. एसएमपीएसच्या मागे पालीच्या अंड्यांची दोन रिकामी टरफलं होती. रंगाचा जुना ब्रश, सायकलचा पंप आणि एक संपूर्ण दुपार एवढ्या भांडवलावर मशीन स्वच्छ झालं. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून पापुद्रा झाली होती. ती पुसून नवी लावली. चालू करून पाहिलं तर तापमान एवढं उतरलं की क्षणभर वाटलं, कशाला विकायचं?

आता प्लगकडे येतो. खान्देशातल्या पुष्कळ जुन्या घरांत तीन पिनांचा बोर्ड असतो, पण तिसऱ्या पिनेमागे तार नसते. संगणक चालू असताना कॅबिनेटला उघडा हात लागला की मुंग्या येतात त्या म्हणूनच. एसएमपीएसमध्ये वीज गाळणारे जे छोटे कपॅसिटर असतात, त्यांच्यामार्फत थोडा प्रवाह पत्र्यावर येतो आणि जमिनीत जायला वाट नसली की आपल्यामार्फत जातो. अनेक जण त्यावर पायात चप्पल घालून खेळतात! वायरमन आला, अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा खणून घेतला, कोळसा आणि मीठ भरून पाइप उभा केला, तार आत आणली. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायचं, कारण कोरडी माती वीज वाहून नेत नाही. हा खर्च कुठल्याच यादीत नसतो. माझ्या पन्नास हजारांतून तो पहिला वजा झाला.

दुसरा वजा झाला यूपीएसचा. डीपीवर फॉल्ट झाला, वारा सुटला, लाइट गेली, आली, पुन्हा गेली, हे आम्हाला नवीन नाही. घरच्या इन्व्हर्टरवर चालेल असं दुकानदार सांगतो. पण स्क्वेअर वेव्हचा स्वस्त इन्व्हर्टर चांगल्या एसएमपीएसला मानवत नाही, आणि लाइट जाऊन बॅटरी लागेपर्यंतच्या क्षणात मशीन बंद पडू शकतं. बाजारात सर्रास मिळणारा 600 व्हीएचा यूपीएस 360 वॅटपर्यंतचा भार घेतो. 5600 चे 65 वॅट, आरएक्स 6600 चे 132, बाकी पंखे, डिस्क, मॉनिटर धरून हिशेब त्यात बसतो. याहून मोठं कार्ड घेतलं की यूपीएस मोठा, एसएमपीएस मोठा, उष्णता जास्त. कार्डाची खरी किंमत अशी साखळीने वाढत जाते, आणि ती कार्डाच्या खोक्यावर छापलेली नसते.

एवढ्यात रॅमचा भाव भडकला. 2025 च्या मध्यापर्यंत जी रॅम तीन-साडेतीन हजारांत मिळत होती, ती वर्ष संपता संपता दोन-तीन पटीने महागली. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी त्यांचा माल आधीच उचलला. डिसेंबर 2025 मध्ये मायक्रॉनने तर ‘क्रुशल’ हा घरगुती गिऱ्हाइकांचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. न्यूयॉर्कच्या वायद्यावर आमच्या कापसाचा भाव हलतो, हे मी रोजच पाहतो. आता रॅमही त्याच वाटेने आली.

भाच्याचं म्हणणं, थोडं थांबू, ‘जीटीए सिक्स’ येतेय. तिच्यासाठी मशीन बांधायचं तर नीट बांधू. या एका गेमच्या नावावर किती पोरांनी किती खरेदी पुढे ढकलली असेल! तिची सध्या जाहीर असलेली तारीख 19 नोव्हेंबर 2026, आणि तीही प्लेस्टेशन व एक्सबॉक्सची. पीसीवर कधी येणार, याची तारीखच नाही. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, दुसरं काय. मी भाच्याला विचारलं, गेल्या वर्षभरात मी काय खेळलो? त्यालाही ठाऊक होतं: जुनीच ‘जीटीए फाइव्ह’, थोडं ‘काउंटर स्ट्राइक’ आणि ट्रक चालवण्याचा एक गेम, ज्यात मी युरोपातल्या रस्त्यांवरून शांतपणे माल पोचवतो.

राहिलं जुनं मशीन विकणं. बैलबाजारात गिऱ्हाईक आधी दात पाहतं, मग चालवून पाहतं, आणि भाव ठरतो तो रुमालाखाली बोटं दाबून. जुन्या संगणकाचे दात पाहायची सोय नाही. 2021 मध्ये इथेरियम हे आभासी चलन काढण्यासाठी कितीतरी कार्डं रात्रंदिवस रगडली गेली; 15 सप्टेंबर 2022 ला इथेरियमची पद्धत बदलली, कार्डांची गरज संपली, आणि तीच कार्डं ‘हलका घरगुती वापर’ म्हणून बाजारात आली. म्हणून मी जुनं कार्ड घेत नाही, आणि माझ्याकडून घेणाऱ्याने शंका काढली तर रागही धरत नाही. जाहिरात टाकल्यावर आधी आली ती ‘लास्ट किती?’ विचारणारी पोरं. मी पंधरा हजार म्हटलं की पुढे शांतता.

शेवटी फत्तेपूरकडचे एक शेतकरी आले, मुलीला घेऊन. मुलगी लिपिक-टंकलेखक पदाची तयारी करत होती; मिनिटाला मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्द हवेत, आणि क्लासमध्ये संगणकापुढे पाळी यायला वेळ लागतो. मी जे खरं ते सांगितलं: विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, नोंदणी केली तर सुरक्षेचे अपडेट आणखी वर्षभर मिळतात, विंडोज 11 ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो आणि हा चौथ्या पिढीचा आहे.

वडिलांनी विचारलं, “मंग टायपिंगला चालीन का नाही, भाऊ?”

“टायपिंगला चालेल की.”

मुलगी कीबोर्डवर बसली. डब्ल्यू, ए, एस आणि डी या चार कळांवरची अक्षरं खेळून खेळून पुसली गेली होती. तिच्या ते लक्षातही आलं नाही. ती कळांकडे पाहतच नव्हती. पडद्यावर ओळ सरकत होती आणि बोटं आपलं काम करत होती.

मग मी कौतुकाने कार्ड दाखवलं. कसं जपलं, त्यावर काय काय चालतं. वडिलांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “हे टायपिंगले लागतं का?” नाही म्हटलं. आय-फाइव्हला स्वतःचा डिस्प्ले आहे, कार्ड नसलं तरी पडदा चालतो. “मंग काढून घ्या ते, अन् सांगा किती?”

कार्ड काढलं. व्यापाऱ्यांच्या वह्या ज्या हार्ड डिस्कवर होत्या तीही काढून घेतली. लोकांचे हिशेब मशीनसोबत विकायचे नसतात, नुसतं डिलीट करून ते जातही नाहीत. तिच्या जागी 240 जीबीची नवी एसएसडी टाकली, मॉनिटर आणि कीबोर्ड दिला, जुनं बिल दिलं. साडेआठ हजारांत व्यवहार झाला. दर ठरवताना त्या माणसाने एकदाही मला ते केवढ्याला पडलं होतं हे विचारलं नाही. त्याला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं, आणि ते बरोबरच होतं.

यादी मग नव्याने झाली, या वेळी त्या मुलीच्या वडिलांच्याच पद्धतीने: हे लागतं का? राइझन 5600 घेतला, बी 450 बोर्ड, जाळीचं कॅबिनेट, चांगल्या कंपनीचा एसएमपीएस, यूपीएस. रॅम 16 ऐवजी 8 जीबीची एकच कांडी. दुसरी जागा रिकामी ठेवली, भाव उतरले की भरता येईल. 1 टीबीच्या जागी 500 जीबी. 5600 ला स्वतःचा डिस्प्ले नसतो, तेव्हा कार्ड हवंच. काढून घेतलेलं 750 टीआय तिथे बसवलं. ते 60 वॅटमध्ये भागवतं, त्याला एसएमपीएसमधून वेगळी तारही लागत नाही. एनव्हिडियाने त्या पिढीसाठी गेमचे नवे ड्रायव्हर काढणं बंद केलं आहे, पण मी खेळतो ते गेम तरी कुठे नवे आहेत? भाच्याचं तोंड थोडं वाकडं झालं. आरएक्स 6600 आता पुढच्या हंगामात, कापसाला बरा भाव निघाला तर.