घाटावरची गाडी

बालाघाट या नावाचा अर्थ घाटावरचा मुलूख. खुद्द गाव मात्र घाटाखाली, वैनगंगेच्या काठच्या सपाटीत वसलेले असून त्याचे जुने नाव बूढा. १८६७ साली भंडारा, मंडला आणि शिवनी या तीन जिल्ह्यांतील भाग एकत्र करून नवा जिल्हा घडविण्यात आला, तेव्हा डोंगरावरच्या प्रदेशाचे नाव जिल्ह्याला मिळाले आणि पुढे ते खालच्या गावालाही चिकटले. ही विसंगती येथल्या आम्हा मराठी कुटुंबांच्या अंगवळणी पडलेली आहे. गेल्या वर्षी मात्र ती अगदी घरात येऊन उभी राहिली. आमच्या भाचीला नोकरी लागली ती घाटावर, आणि तिच्यासाठी गाडी शोधायची होती ती घाटाखाली.

भाची बैहरच्या पलीकडील एका उपआरोग्य केंद्रात काम करते. बैहरला खोली, तेथून केंद्र, केंद्रापासून पाड्यांवर जाणे-येणे. लसींचा डबा, नोंदवह्या आणि पाण्याची बाटली एवढे सामान नेहमीचे. बस मुख्य रस्त्यावर सोडते. पुढे मुरमाची वाट, पावसाळ्यात दोन नाले. आमच्या बहिणीचे म्हणणे सरळ होते, की मुलीने स्कूटर घ्यावी. भाचीच्या डोक्यात मात्र उंच, लांब पायांची, पुढच्या चाकावर चोच असलेली ‘ॲडव्हेंचर’ मोटारसायकल बसली होती. कामाचे सहा दिवस पाडे आणि सातव्या दिवशी अमरकंटक, पचमढी, पुढेमागे लडाख, असा तिचा बेत.

पैसे होते १ लाख १० हजार. त्यांतले ४० हजार बहिणीने घरचा चिन्नोर विकून दिलेले. (या तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, सुगंध त्याआधीही तेवढाच होता.) बाकीचे भाचीने पगारातून साठविलेले. नवी गाडी या पैशांत बसत नव्हती, आणि कर्ज काढायचे नाही ही बहिणीची अट होती. बहीण आम्हाला म्हणाली, “दादा, पैसे तिचे आहेत, पण ती पडली तर माझी पडेल. तुम्ही बघा.” अशा रीतीने ही कामगिरी आमच्याकडे आली.

आम्ही काही यंत्रतज्ज्ञ नव्हे. परंतु शिक्षण खात्याच्या नोकरीत बैहर तालुक्यातल्या शाळा आम्ही राजदूतवरून तपासल्या आहेत. तीन गिअरची ती दोन-स्ट्रोकची फटफटी पेट्रोलमध्ये तेल मिसळून पीत असे, आणि खिशात प्लगचा पाना नसला तर जंगलात मुक्काम घडवीत असे. तिला कोणी साहसाची गाडी म्हटले नाही. साहस होते ते आमचे. ज्यांना आज ॲडव्हेंचर म्हणतात त्या गाड्यांचे कूळ तिकडे युरोपात. १९७८च्या डिसेंबरात पॅरिसहून डाकारला जाणारी पहिली शर्यत निघाली, १९८० साली बीएमडब्ल्यूने रस्ता आणि रान दोन्ही चालेल अशी आठशे सीसीची मोटारसायकल काढली, आणि १९८१ची ती शर्यत त्याच जातीच्या गाडीने जिंकली. वाळवंटासाठी निघालेले हे रूप हिंडत हिंडत आमच्या मुरमापर्यंत पोचले आहे.

गाडी पाहण्याआधी रस्ता पाहावा असे आम्ही ठरविले आणि एका रविवारी भाचीबरोबर बसने बैहरला गेलो. बालाघाट सोडले की भरवेलीची मँगनीजची खाण लागते. खनिजाच्या ट्रकांनी येथला रस्ता नेहमी काळसर धुळीचा असतो, आणि पहिल्या पावसात त्या धुळीचे गुळगुळीत लोणी होते. पुढे गांगुलपाऱ्याचा तलाव आणि धबधबा, मग घाटाची वळणे. चढ फार भयंकर नाही, पण वळणे आंधळी आहेत आणि समोरून ट्रक मधोमध येतो. घाट चढून गेले की हवा बदलते, झाडे बदलतात, सालवृक्षांचे सरळ खांब सुरू होतात. उकव्याला पुन्हा मँगनीज. बैहरपासून एक वाट मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीकडे आणि एक मुक्कीकडे जाते. मुक्की म्हणजे कान्हा राष्ट्रीय उद्यानाचे आपल्या जिल्ह्यातले दार. उद्यानात मोटारसायकलीला मज्जाव आहे हे ऐकून भाचीचा चेहरा उतरला. तिच्या मनातल्या सहलींपैकी पहिली सहल तेथेच रद्द झाली.

या फेरीत आमच्या ध्यानात आले ते असे, की घाटाचा हमरस्ता डांबरी आहे, त्याला कोणतीही बरी गाडी चालेल. खरा प्रश्न शेवटच्या चार-सहा किलोमीटरांचा. तेथे मोठा वेग उपयोगाचा नाही, मोठे पुढचे चाक उपयोगाचे. जमिनीपासून पोट उंच हवे. गाडी आडवी झाली तर एकट्या मुलीला उभी करता आली पाहिजे. आणि पंक्चर बैहरच्या दुकानात निघाले पाहिजे. स्कूटर पहिल्या अटीतच बाद झाली. तिची लहान चाके नाल्यातल्या गोट्यांत कुरकुरतात. बहिणीला हे पटायला दोन दिवस लागले.

पहिली गाडी गोंदियात पाहिली, रॉयल एन्फील्डची हिमालयन, २०१८ची. ही चारशे अकरा सीसीची गाडी २०१६ साली निघाली आणि २०२३च्या अखेरीस तिची जागा साडेचारशे सीसीच्या नव्या गाडीने घेतली, त्यामुळे जुन्या बाजारात बऱ्याच येतात. बैठक ८०० मिलिमीटर, म्हणजे सव्वापाच फुटांच्या भाचीचे पाय बऱ्यापैकी टेकतात. पंधरा लिटरची टाकी, दिवसभर बसले तरी पाठ न दुखणारी चाल. भाची हरखून गेली. आम्ही गाडी अंगणाच्या उतारावर उभी करून तिला म्हटले, “आता मागे घे.” गाडीचे वजन १९० किलोंच्या वर. तिने दोनदा जोर लावला, तिसऱ्यांदा हसू लागली आणि मग हसू थांबले. “मामा, नाल्यात ही बसली तर मीही तिथेच बसेन,” ती म्हणाली. मालक १ लाख १५ हजार मागत होता, आणि गाडीला नवे टायर लागणार होते. लांब पल्ल्याला त्या गाडीत खोट नाही; आमच्या नाल्याला ती जड होती.

शिवाय बाघ नदी आडवी आली. राजेगावचा पूल ओलांडला की पाट्या एमएच पस्तीस होतात, अलीकडे एमपी पन्नास. १९५६च्या नोव्हेंबरापूर्वी गोंदिया आणि बालाघाट एकाच मध्यप्रदेशात होते, राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचनेत भंडारा जिल्हा, आणि त्यातले गोंदिया, मुंबई राज्यात गेले. आम्ही येथेच राहिलो. मुली देणे-घेणे चालू राहिले, पण गाडी तेवढी सहज नदी ओलांडत नाही. परराज्यातली गाडी आणायची तर तिकडच्या कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, आधी हवे. बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवायची तर येथला नंबर घ्यावा लागतो, येथला कर भरावा लागतो, आणि तिकडे भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागत हेलपाटे घालावे लागतात. गोंदियात गाडी चार-पाच हजारांनी स्वस्त दिसते ती यामुळे. वाचकांपैकी जे आमच्यासारखे सीमेवर राहतात त्यांनी हा हिशेब आधी कागदावर मांडावा.

मधल्या काळात हीरोची एक इम्पल्स पाहिली. दीडशे सीसीची, २०११ साली निघालेली आणि पुढे बंद झालेली. हलकी, उंच, स्वस्त, आणि मिस्त्रीने पाहताच मान हलविली. सुटे भाग शोधावे लागतील, आणि नोंदणीच्या पंधरा वर्षांपैकी थोडीच उरली आहेत. तिला तेथेच नमस्कार केला.

मग आम्ही एका मोठ्या शहरातल्या जुन्या गाड्यांच्या दुकानात गेलो. तेथे जे घडले ते सांगितल्यावाचून राहवत नाही. हीरोची एक्सपल्स २००, अंगावर नवेकोरे स्टिकर, मीटरवर अवघे १४ हजार किलोमीटर. आम्ही पोचलो तेव्हा इंजिन गरम होते. “आत्ताच एकाने फिरवून आणली,” दुकानदार म्हणाला. गरम इंजिन कोणतेही लगेच सुरू होते. खोड कळते ती सकाळच्या थंड इंजिनात. आमच्यासोबत बालाघाटचा मिस्त्री होता. तो बोलला काहीच नाही, फक्त खाली बसला. मागच्या चक्राचे दात शार्कच्या दातांसारखे एका बाजूला झुकलेले होते. पायदानांचे रबर गुळगुळीत. पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या नळीवर गंजाचे ठिपके आणि त्याखाली तेलाची ओल. त्याने दोघांकडून पुढचे चाक उचलून धरविले आणि हँडल हळूहळू फिरविले. बरोबर मध्यावर ते किंचित अडकत होते. पुढची रिम फिरवून पाहिली तर एके ठिकाणी डुलत होती. चौदा हजारांत एवढे सगळे होत नाही. मीटर खोटे बोलते, पायदान बोलत नाही, असे तो परतताना बसमध्ये म्हणाला.

तरीही भाचीचे मन तिच्यावर होते, कारण किंमत बरोबर पैशांत बसत होती. तिने पाच हजार विसार देऊ का म्हणून विचारले. आम्ही नोंदणी पुस्तक मागितले. त्यावर कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव तसेच होते. “ते होऊन जाईल,” हे उत्तर मिळाले. होऊन जात नाही. कर्ज फिटल्याचे पत्र आणि नमुना ३५ हातात नसेल तर गाडी तुमच्या नावावर चढत नाही, आणि उद्या ती ओढून नेली तर चिन्नोराचे पोते परत येत नाही. भाची परतीच्या वाटेवर आमच्याशी बोलली नाही. आम्हीही बोललो नाही. वारासिवनीच्या स्थानकावर तिने आम्हाला चहा आणून दिला, त्यावरून समेट झाल्याचे समजले.

आणि गाडी मिळाली ती याच वारासिवनीत, ओळखीतून, पंधरवड्यानंतर. पुन्हा एक्सपल्सच, २०१९ची, एमपी पन्नास, एकाच हातातली. टाकीवर ओरखडे, एक आरसा दुसऱ्याच गाडीचा. मालकाला न कळवता आम्ही सकाळी साडेसहाला पोचलो आणि आधी इंजिनावर हात ठेवला. ते थंडगार होते. तिसऱ्या दमात सुरू झाले, धूर नाही, खडखड नाही. १९९.६ सीसी, वजन सुमारे १५४ किलो, पुढचे चाक एकवीस इंची, पोट जमिनीपासून २२० मिलिमीटर. आऱ्यांची चाके आणि आत ट्यूब, म्हणजे पंक्चर बैहरच्या कोणत्याही दुकानात निघणार. ही कार्ब्युरेटरची निघाली. त्या वर्षी ही गाडी कार्ब्युरेटर आणि फ्युएल इंजेक्शन अशा दोन्ही तऱ्हांत विकली जात होती. इंजेक्शनची गाडी मुक्कीच्या डिसेंबरातल्या पहाटेही चटकन उठते, हे खरे. पण तिचे दुखणे कळायला यंत्र लागते, आणि कार्ब्युरेटर बैहरचा मिस्त्री डोळे मिटून उघडतो. आम्ही कार्ब्युरेटरच्या बाजूने कौल दिला. तरुण वाचकांना तो जुनाट वाटला तरी वाटो.

अडचण उंचीची राहिली. बैठक ८२३ मिलिमीटर. भाचीचे फक्त चवडे टेकत. गाडी आडवी पाडून तिला उचलायला सांगितले. मालक हे पाहून कळवळला, पण तिने ती उचलली, पाठीने नव्हे तर पायांच्या जोरावर, गाडीकडे पाठ करून, जसे मिस्त्रीने दाखविले होते. मग आम्ही तिघे गाडी घेऊन घाटात गेलो. मिस्त्री चालवीत होता, भाची मागे, आणि आम्ही दुसऱ्याच्या स्कूटरवर मागोमाग. गांगुलपाऱ्याच्या पुढे चढावर त्याने गाडी थांबवून तिच्या हाती दिली. चढावर उभी गाडी सुरू करून पुढे काढणे ही उंच गाडीची खरी परीक्षा. पहिल्यांदा बंद पडली. दुसऱ्यांदा निघाली, आणि वळणाआड दिसेनाशी झाली. ती परत येईपर्यंतची मिनिटे आम्ही घड्याळात पाहिली नाहीत, एवढेच लिहितो.

सौदा ८१ हजारांवर तुटला. नमुना २९ आणि ३० वर सह्या झाल्या. विमाही चौदा दिवसांच्या आत भाचीच्या नावावर करण्यास दिला. चेन आणि चक्रे, पुढचे-मागचे टायर, ब्रेकचे पॅड, तेल यांत १४ हजार गेले. चांगले हेल्मेट आणि घोट्यावरचे बूट यांत आणखी ६. सीट शिवणाऱ्याने आतला फोम तासून बैठक बोटभर खाली आणली, आणि तेवढ्याने टाच नाही तरी अर्धे पाऊल टेकू लागले. उरलेले पैसे बहिणीने परत घेतले नाहीत, लेकीकडेच ठेवायला लावले.

लसींचा डबा मागच्या कठड्यावर बसेना, म्हणून बैहरच्या वेल्डरने लोखंडी पट्टीची चौकट करून दिली. लडाख अजून दूर आहे. गेल्या महिन्यात मात्र भाचीने आईला लांजीच्या कोटेश्वराला नेले. बहीण आधी नको म्हणाली, मग दारातल्या जात्याच्या पाळीवर उभी राहून पाठीमागे बसली, आणि संध्याकाळी परतल्यावर उतरायला तेच जाते आणून ठेवा म्हणून तिने रस्त्यातूनच हाक दिली.