ओआरएसमधली साखर ताकदीसाठी नसते

जुलाबाच्या रुग्णाला पाजायच्या ओआरएसमध्ये साखर असते ती ‘अंगात त्राण यावे म्हणून’, हा समज शिकल्यासवरल्या घरांतही पक्का आहे. शरीरक्रियाशास्त्राच्या दृष्टीने तो चूक आहे, आणि त्या चुकीमुळे पाजताना गफलती होतात. साखरेचे खरे काम पेशीपटलापाशी आहे. पेशीपटल म्हणजे मेदाचा दुपदरी पापुद्रा. सोडियमचा भारित कण त्यातून आपण होऊन जवळजवळ जातच नाही; त्याला प्रथिनाची वाट लागते. लहान आतड्यातल्या अशा एका प्रथिनाची, एसजीएलटी-1ची, अट मोठी मजेशीर आहे: सोडियमचे दोन कण आणि ग्लुकोजचा एक रेणू यांना ते जोडीनेच आत घेते. ही जोडी जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये प्रागच्या परिषदेत मांडली. पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला दुसरा पंप एटीपी हे पेशीचे इंधन खर्चून सोडियम बाहेर काढत असतो, म्हणून आत त्याची कायम टंचाई असते आणि आतड्यातून ओढ टिकते. सोडियम व ग्लुकोज गेले की पाणी त्यांच्यामागे जाते. साखर इथे मिठाला आत नेण्यासाठी आहे. तिच्या उष्मांकाचा हिशेब गौण.

याची खरी कसोटी कॉलऱ्यात लागते. जंतूने सोडलेले विषच आतड्यात पाणी साठवते, हे शंभुनाथ डे यांनी 1959 मध्ये कलकत्त्यात सशांच्या आतड्यांवर दाखवले. हे विष पेशीतली क्लोराइडची वाट सताड उघडते आणि साध्या मिठाच्या शोषणाची वाट रोखते; ग्लुकोजसोबतची वाट मात्र शाबूत राहते. म्हणून नुसते मीठ-पाणी पाजून भागत नाही. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याच्या साथीत सलाइन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचे पाणी पिंपांतून वाटले. मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आले.

यावर कोणी म्हणेल, आजीची मीठ घातलेली पेज हेच करत होती, मग एवढे शास्त्र कशाला? पेज उपयोगी पडते हे खरेच, कारण तिच्यातल्या पिष्टाचे आतड्यात हळूहळू ग्लुकोजच होते. पण शास्त्र लागते ते प्रमाणासाठी. साखर जास्त झाली तर न शोषलेले रेणू उलट पाणी आतड्यात खेचतात. बाटलीतली गोड शीतपेये जुलाबात नकोत ती यामुळेच. जागतिक आरोग्य संघटनेने 2002 मध्ये ओआरएसचे सूत्र आणखी पातळ केले, तेही याच कारणाने: आता लिटरमागे सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही 75 मिलिमोल, आणि विरघळलेल्या कणांचे एकूण प्रमाण 311 ऐवजी 245 मिलिऑस्मोल. दुसरा आक्षेप जास्त रास्त वाटतो: ओआरएसने जुलाब थांबत नाहीत. नाहीच थांबत. विषाने उघडलेली वाट ते बंद करत नाही, गेलेले पाणी फक्त दुसऱ्या वाटेने परत आणते. तेव्हा जुलाब चालूच आहेत म्हणून पाजणे सोडू नये. रुग्णाला लघवी होते आहे ना, तोंड ओले आहे ना, हे पाहावे.