मुअज्जल

निकाहनाम्यात मेहरच्या रकमेपुढे एक शब्द असतो : मुअज्जल. उर्दूत तो दोन तऱ्हांनी लिहितात. ऐनने लिहिला तर रक्कम ताबडतोब द्यायची, वाव-हमजाने लिहिला तर पुढे कधीतरी. मराठीत दोन्ही सारखेच दिसतात. भाचीच्या निकाहनाम्याचं इंग्रजी भाषांतर करताना मी या शब्दावर बराच वेळ अडलो होतो. घाई की उशीर, एका अक्षराचा फरक.

निकाह जानेवारी २०२२ मध्ये दिग्रसला झाला. मुलगा शिकागोत नोकरीला. तीन आठवड्यांनी परत जाताना म्हणाला, "मामू, सहा महिन्यांत बोलावून घेतो." तो खोटं बोलत नव्हता. त्यालाही माहीत नव्हतं, आम्हालाही.

आम्ही मुलाचा पगार विचारला, नमाजी आहे का विचारलं. पण 'तू अमेरिकेचा नागरिक आहेस की ग्रीन कार्डवाला?' हे कोणीच विचारलं नाही. सगळा फरक तिथेच होता. नागरिकाच्या बायकोला व्हिसाच्या वार्षिक कोट्याची मर्यादा नसते. कागदपत्रं तपासायला लागेल तेवढाच वेळ. ग्रीन कार्डवाल्याच्या बायकोला मात्र कोट्याच्या रांगेत उभं राहावं लागतं.

फेब्रुवारीत त्याने अर्ज भरला, तेव्हा ही रांग खुली होती. एप्रिल २०२३ च्या व्हिसा बुलेटिनमध्ये मात्र तारीख मागे सरकून ८ सप्टेंबर २०२० वर गेली. म्हणजे त्या दिवसाआधी अर्ज केलेल्यांचाच नंबर. आमचा अर्ज त्यानंतर सतरा महिन्यांनी भरलेला. दर महिन्याला भाची मोबाईलवर नवं बुलेटिन बघायची आणि काही न बोलता भांडी घासायला जायची.

मोहल्ल्याला बुलेटिन कळत नाही. "अजून गेली नाही? काही बिनसलं का?" माझी आपा लग्नकार्यांना जाईनाशी झाली. एका एजंटने "वर ओळख आहे" म्हणत पन्नास हजार मागितले. आपा बांगड्या मोडायला निघाली होती. मी आडवा आलो. पैसे देऊन ती तारीख पुढे सरकत नाही.

"टुरिस्ट व्हिसावर जाऊन येते ना मामू," भाची एकदा म्हणाली. ज्याचा कायम राहायला जाण्याचा अर्ज आधीच पडलेला आहे, तो फिरून परत येईल हे अधिकाऱ्याला पटवणं किती कठीण, हे तिला सांगताना मलाच वाईट वाटलं.

सुटका झाली ती २०२४ मध्ये. ग्रीन कार्डाला पाच वर्षं पूर्ण झाल्यावर त्याला नागरिकत्व मिळालं. त्याने ते कळवलं आणि तोच जुना अर्ज कोट्याच्या रांगेबाहेर आला. मग नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयाचा पोलीस दाखला, मुंबईत वैद्यकीय तपासणी, शेवटी वकिलातीत मुलाखत. भाची गेली तेव्हा निकाहला तीन वर्षं उलटून गेली होती. त्यातले दोघांनी एकत्र घालवलेले दिवस तिने मोजून ठेवले होते : एकसष्ट.

सबर आपल्या दीनमध्ये मोठी गोष्ट आहे. पण न विचारल्यामुळे वाट्याला आलेल्या उशिराला सबर म्हणताना माझी जीभ अडखळते. तो सबर आम्ही मोठ्यांनी केला नाही, तिच्याकडून करून घेतला.

परवा एक पालक शाळेत आले. मुलीचं स्थळ ह्यूस्टनचं आहे, निकाहनंतर कागद भाषांतर करून द्याल का, म्हणाले. मी म्हटलं, "भाई, कागद मी करून देईन. आधी मुलाला एक प्रश्न विचारून या."