हरळी आणि तण

बंगल्यापुढे हिरवळ राखावी ही हौस मराठी माणसाची मूळची नव्हे. आपल्याकडे घरापुढे अंगण असते, ते सारवलेले असते, आणि त्यात गवताची काडी उगवलीच तर ती सकाळच्या झाडलोटीत नाहीशी होते. हिरवळ ही साहेब मागे ठेवून गेला; सरकारी घराच्या किल्ल्यांबरोबर ती आपोआप आपल्या पदरात पडते. मदन महलच्या टेकडीखाली आम्हांला जे घर मिळाले त्याच्यापुढेही ती होती. वर काळ्या शिळांच्या गर्दीत गोंड राजा मदनशाहाच्या नावाने ओळखला जाणारा तो चिमुकला किल्ला, आणि खाली आमचा हा हिरवा चौकोन. किल्ल्याची काळजी घेणारे खाते वेगळे आहे. चौकोनाची आमच्याकडे आली.

या हिरवळीचे गवत म्हणजे हरळी, इकडची दूब. देशावरच्या काळ्या रानात ज्यांचे बालपण गेले त्यांना ती मुद्दाम लावलेली पाहून हसूच येईल. तिकडे हरळी लागलेले रान म्हणजे बुडालेले रान. भर उन्हाळ्यात जमीन खोल खणायची, पांढऱ्या काशा वेचायच्या, वाळवून जाळायच्या, आणि तरीही आषाढात ती पुन्हा डोके वर काढणार. 1977 साली लीरॉय होल्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातील सर्वांत उपद्रवी तणांचा एक ग्रंथ सिद्ध केला. त्यात पहिला मान लव्हाळ्याला आणि दुसरा आमच्या या हरळीला मिळाला आहे. म्हणजे शेतात जी गुन्हेगार तीच बंगल्यापुढे घरधनीण, आणि देवघरात तर साक्षात दूर्वा! वनस्पती एकच, कोठे उगवली यावर तिची प्रतिष्ठा ठरते. बदलीच्या नोकरीत आयुष्य काढणाऱ्यांना हे तत्त्व निराळे समजावून सांगायला नको.

हिरवळीत रुंद पानांचे तण शिरले तर ते ओळखता येते आणि निवडून मारताही येते. 2,4-डीसारखे औषध रुंद पानाला जाळते आणि गवताला सोडते. खरा पेच पडतो तो गवतात गवत शिरल्यावर. मृगाच्या सरी पडल्या की आठपंधरा दिवसांत रानटी नाचणीचे चपटे, पांढुरक्या बुडाचे झुबके दिसू लागतात. वरील ग्रंथात तिचा क्रमांक पाचवा आहे. जेथे पायवाट पडून माती घट्ट झाली असेल तेथे ती हटकून बसते. आमच्या माळीबुवांना आम्ही औषधाचे विचारले तेव्हा ते म्हणाले, “साहब, जो इसको मारेगा, वो दूब को छोड़ेगा क्या?” शास्त्राचे उत्तरही जवळजवळ हेच आहे. सर्व हिरवे जाळणारे ग्लायफोसेट आप-पर जाणत नाही. पेंडिमेथॅलिनसारखी औषधे बी रुजण्यापूर्वी, म्हणजे पावसाच्या तोंडावर, मातीच्या वरच्या थरात मुरवावी लागतात. ती उगवत्या बियांना रोखतात आणि खोल मुळांच्या जुन्या हरळीला सहसा धक्का लावत नाहीत. परंतु नव्याने लावलेल्या हिरवळीत हरळीच्या पेरांची मुळेही त्यांनी खुंटतात, आणि एकदा तण वर आले की त्यांचा उपयोग संपतो.

लव्हाळ्याची कथा आणखी निराळी. तो गवतासारखा दिसतो, पण गवत नव्हे. त्याची दांडी बोटांत फिरवून पाहावी, तीन कडा हाताला लागतात. खाली गाठींची माळ असते. वरून उपटले की माळ तुटते आणि झोपलेल्या गाठी जाग्या होतात. उपटायचा तर गाठीसकट, ओल्या मातीतून, आणि पुनःपुन्हा; त्याला वाढण्याची उसंत मिळाली नाही तरच गाठीतली शिदोरी संपते.

योगायोग असा की या विद्येचे राष्ट्रीय पीठ याच गावात आहे. 1964 साली स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय तर येथे आहेच. शिवाय 1989 साली तणविज्ञानाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र येथे सुरू झाले आणि 2009 मध्ये त्याला संचालनालयाचा दर्जा मिळाला. पुण्यात 1955 च्या सुमारास प्रथम नजरेस आलेल्या गाजरगवताविरुद्धची मोहीमही येथूनच देशभर चालते. तण या एका शब्दामागे किती माणसांची आयुष्ये खर्ची पडतात, हे जबलपूरला आल्यावर कळते.

तरीही आमच्या घरी औषध येत नाही, याचे कारण शास्त्रात नसून भाद्रपदात आहे. चतुर्थीच्या पहाटे आसपासच्या पाचसात मराठी घरांतली मुले परडी घेऊन आमच्या फाटकाशी येतात. कोणी रेल्वेतले, कोणी तोफखान्याच्या कारखान्यातले, कोणी वीज खात्यातले. एकवीस दूर्वांच्या जुड्या याच चौकोनातून निघतात. मुले कोवळे तृण दातांत धरून चावतातही. तेथे विषाचा फवारा कसा मारावा?

म्हणून आम्ही खुरप्याचा मार्ग धरला आहे. पावसाने माती मऊ असताना, तुऱ्यात बी धरण्यापूर्वी रानटी नाचणी मुळासकट काढायची. उघडी पडलेली जागा त्याच दिवशी हरळीच्या काड्या रोवून भरायची, कारण रिकाम्या जागेचा पहिला हक्कदार तणच असतो. गवत फार खाली कापायचे नाही. एका वेळी पात्याचा एक तृतीयांशाहून अधिक भाग छाटला की हरळी विरळ होते, उजेड मातीपर्यंत पोहोचतो आणि निजलेले बी उठते. उन्हाळ्यात पाणी रोज शिंपडण्यापेक्षा थोड्या दिवसांच्या अंतराने खोल मुरेल असे द्यायचे. वाटेवरची घट्ट माती काट्याने भोसकून मोकळी करायची. शेणखत पुरते कुजलेलेच घ्यायचे, नाहीतर त्याच्याबरोबर पुढल्या वर्षाचे तणही आपणच विकत आणतो. दाट हरळी हीच तणावरची सर्वांत भरवशाची मात्रा.

मित्र विचारतात, तीन वर्षांत बदली होणार, मग एवढा उपद्व्याप कोणासाठी? मातीत पडलेले बी कित्येक वर्षे जिवंत राहते, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. आज उपटतो ते आमच्या आधीच्या बिऱ्हाडांनी पडू दिलेले आहे. पण याच न्यायाने, आज जे बी आम्ही पडू देणार नाही ते पुढच्या बिऱ्हाडाला उपटावे लागणार नाही. तो गृहस्थ मराठी असेल, तमिळ असेल, बंगाली असेल. परडीवाली मुले मात्र त्याच्याही फाटकाशी येतील, आणि त्यांना दूर्वा आणि तण यांतून निवड करत बसावे लागू नये, एवढीच आमची इच्छा आहे.