पंधरा मिनिटं

३ नोव्हेंबर, न्हावरे
पहाटे तीनला लेकीचं बोट टोचलं. शुगर ५८. अंग घामानं चिंब, पण गिळत होती. तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात कालवून पाजली आणि तिला मांडीवर घेऊन घड्याळाकडे बघत बसले. पंधरा मिनिटांनी ९१. अर्धी भाकरी दुधात कुस्करून भरवली. नऊ वर्षांचं बोट, पण टोकाला किती खरखरीत लागतं.

८ नोव्हेंबर
चार दिवस झाले, शुगर तीनशेच्या खाली यायला तयार नाही. जेवण तेच, इन्सुलिनचे युनिट तेवढेच. दारात बसून एक बाई म्हणाल्या, “उसाच्या गावातलं पोर, गोड आवरलं नसेल.” टाइप वन मधुमेह गोड खाऊन होत नाही, शरीराची राखण करणारी यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. हे किती वेळा सांगायचं? दुसरीनं कारल्याचा रस सुचवला, सुया बंद करायच्या म्हणे. जानेवारी १९२२मध्ये टोरांटोत चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. त्याआधी अशी लेकरं वाचतच नव्हती. त्या दोघी गेल्यावर मोरीत जाऊन रडले.

११ नोव्हेंबर
पुण्याला तपासणी. ओपीडीच्या रांगेत दौंडच्या एक ताई भेटल्या, सकाळच्या गाडीनं आलेल्या. मुलगा बारा वर्षांचा, इन्सुलिनला सहा वर्षं झाली. मी दुपारचं इन्सुलिन भरायला घेतलं तर त्यांनी माझा हातच धरला. “थांबा ताई. बाटली ४०ची आणि सुई १००ची?” सुईचं टोपण नारिंगी होतं, आमच्या ४०च्या बाटलीला लाल टोपणाची सुई लागते. गेल्या आठवड्यात दुकानदारानं दिली तशी मी घेऊन आले होते. दहाच्या रेघेपर्यंत भरलं तरी लेकीच्या अंगात चारच युनिट जात होते. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. आणि इतके दिवस मी तिच्या ताटाकडे संशयानं बघत होते.

ताईंकडून आणखीही कळलं. वीज गेली की बाटली घट्ट झाकणाच्या डब्यात घालून डबा माठात ठेवायचा. नागपूरला डॉ. शरद पेंडसे यांनी ड्रीम ट्रस्ट उभा केला, संभाजीनगरला डॉ. अर्चना सारडा यांची ‘उडान’ आहे, दोन्हीकडे अशाच मुलांचं काम. मी वही काढून सगळं लिहून घेतलं.

१४ नोव्हेंबर
बालदिन. इन्सुलिनवाल्या बँटिंगचा जन्मदिवस, म्हणून जागतिक मधुमेह दिनही. ताईंच्या सांगण्यावरून कागद लिहून शाळेत दिला: हात थरथरले, घाम आला, पोर गप्प झालं, तर आधी ग्लुकोज, मग फोन. बाईंनी दोनदा वाचला आणि ग्लुकोजचा पुडा स्वतःच्या टेबलाच्या खणात ठेवला.

१ डिसेंबर
दौंडच्या ताई आणि आम्ही चौफुल्याला भेटलो. न्हावरे आणि दौंड, दोघींनाही मधलं. केडगावचं एक जोडपंही आलं होतं. त्यांच्या मुलाचा आजार कळून तीनच आठवडे झालेत. बाप एकसारखा सुईची रेघ उजेडात धरून बघत होता. लेकीनं स्वतःचं बोट टोचून त्याला दाखवलं, “काका, बाजूला टोचायचं, मधे नाही.”

९ डिसेंबर
रात्री पावणेतीनला फोन. दौंडच्या ताई. “पोराची ६२ आलीय. ग्लुकोज दिलंय. घरात कुणी नाही हो. पंधरा मिनिटं बोलत राहता का?”

बाहेर रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर चालले होते. मी अंथरुणात उठून बसले आणि त्यांना आमच्या म्हशीचं सांगायला लागले.