बाबागाडीतून लंडन

लंडन म्हटलं की राजवाडा, टेम्स नदी आणि बिग बेनचं घड्याळ डोळ्यांपुढं येतं. ते सगळं इथं आहेच. पण कडेवर दीड-दोन वर्षांचं मूल असलं, की आपलं लंडन निराळं होतं. कुठल्या स्टेशनात लिफ्ट आहे, लंगोट बदलायला जागा कुठं मिळेल, आणि डिसेंबरात चार वाजायच्या आत सूर्य मावळतो तेव्हा बागेतून घरी कधी निघायचं, एवढ्यावरच आपला नकाशा तयार होतो.

मी भिवंडीची. यंत्रमागांची खडखड हीच आमची अंगाई! आमच्याकडे मूल एकटी आई कधी वाढवतच नाही. आंघोळ घालायला बाई येते, शेजारच्या काकू पोराला उचलून तीनबत्तीपर्यंत फिरवून आणतात, आणि कुणी ना कुणी मऊ भाताचे दोन घास भरवतंच. इथं मात्र भिंतीपलीकडे कोण राहतं, हे महिनोन् महिने कळत नाही. नवरा सकाळी गेला की संध्याकाळपर्यंत तुम्ही आणि मूल, दोघंच. पहिला हिवाळा फार जड जातो, हे आधीच सांगून ठेवते.

शेजाराची उणीव इथं व्यवस्था भरून काढते. बाळ जन्मलं की त्याच्या वजनाची आणि लशींची नोंद ठेवायला लाल पुस्तक मिळतं. हेल्थ व्हिजिटर म्हणून एक शिकलेली परिचारिका पहिल्या काही आठवड्यांत घरी येते. बाळाबरोबर आईचीही चौकशी करते. ऊन कमी, म्हणून १ ते ४ वर्षांच्या मुलांना रोज १० मायक्रोग्रॅम 'ड' जीवनसत्त्व द्यावं, असा सरकारी आरोग्यसेवेचाच सल्ला आहे. डॉक्टर पैसे घेत नाही, पण म्हणून सगळं फुकट समजू नका हं! आपल्यासारख्यांना व्हिसा काढतानाच आरोग्याचा आकार भरावा लागतो. २०२४ पासून तो मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलाला ७७६ पौंड आहे.

बाळाला धुरी द्यायची असेल, तर तो विचार सोडा. छताला धुराची घंटा असते. नुसती मिरचीची फोडणी जरा करपली तरी ती ठणाणा करते आणि नुकतंच निजवलेलं मूल उठून बसतं.

बसचं मात्र कौतुक करावं तेवढं थोडं. बाबागाडी तशीच आत ढकलता येते, तिच्यासाठी मोकळी जागा असते. पण चाकाच्या खुर्चीतलं माणूस चढलं तर ती जागा आधी त्याची. मग एका हातात मूल, दुसऱ्या हातात मिटलेली बाबागाडी आणि मेथीच्या जुड्यांची पिशवी काखेत, अशी कसरत. तरी हा नियम मला मनापासून पटतो. भुयारी रेल्वेच्या पुष्कळ स्टेशनांत लिफ्टच नाही. जिन्यापाशी उभं राहिलं, की कुणीतरी अनोळखी माणूस न बोलता बाबागाडीचं पुढचं टोक धरतो, वर पोचवतो आणि निघून जातो. नाव-गाव काही नाही.

आता खऱ्या काळजीचं सांगते. वाचनालयात लहान मुलांसाठी गाण्यांची बैठक असते. लेकीला तिथं न्यायला लागले. इतर मुलं घडाघडा इंग्रजी बोलायची, आमची मात्र गप्प. दोन वर्षांनंतरच्या तपासणीत मूल काय काय बोलतं, हे आईला विचारतात. घरात मराठी बंद करून इंग्रजीच सुरू करावं का, असं दोघांच्याही मनात येऊन गेलं होतं. हेल्थ व्हिजिटर म्हणाली, "दोन्ही भाषांतले शब्द मिळून मोजा, आणि तुमची भाषा मुळीच सोडू नका." दोन भाषांमुळे मुलाचं बोलणं मागं पडत नाही, असं इथले वाचातज्ज्ञही सांगतात. घरी येऊन मोजले. 'भू', 'चांदोबा', 'नको', 'बस', 'मोअर'... शब्द पुष्कळ निघाले!

खरं तर हे मी भिवंडीतच पाहिलेलं. यंत्रमागांसाठी तेलंगणातून आलेली कुटुंबं आमच्या गावात पिढ्यान् पिढ्या आहेत. त्या आयांनाही गाव परकंच होतं. पण पोराला न्हाऊमाखू घालताना, जेवू घालताना, रागावताना तेलुगूच. तीच पोरं अंगणात आमच्याशी हिंदी-मराठीत भांडायची. मीही आता तेच करते. आंघोळ आणि जेवण मराठीत. बस आणि बाग ज्या भाषेत होईल त्या. डॉलिस हिल भागात महाराष्ट्र मंडळ आहे, १९३२ सालचं. गणपतीत तिथं जाते, म्हणजे मराठी फक्त आईच बोलते असं लेकीला वाटत नाही.

तीन वर्षांची झाली की आठवड्याला १५ तासांची बालवाडी मोफत मिळेल. तोवर रोज सकाळी सात वाजता आजीचा फोन. हिवाळ्यात भिवंडीत तेव्हा साडेबारा वाजलेले असतात. मागं माग चालू असतात आणि लेक "आवाज, आवाज" म्हणून कान देते. मागच्या महिन्यात आजीनं फोनवरच तिला धोटा दाखवला. आता गाण्यांच्या बैठकीत सगळ्या गोऱ्या आयांना ती "धोटा, धोटा" म्हणून हात इकडून तिकडे करून दाखवते.