रॅम्बो, मामा आणि हेडलाइट

लहानपणी आमच्या जळगावात दोन रॅम्बो होते. एक केबलवर हिंदीतून बोलायचा आणि एका हाताने मशीनगन चालवायचा. दुसरा माझा सख्खा मामा.

मामा धुळ्याचा. फौजेत होता आणि १९९९ साली कारगिलला होता. एवढं भांडवल गल्लीत पुरेसं होतं! पोरं मला विचारायची, "तुझ्या मामाने किती मारले रे?" मामा सुटीवर आला तेव्हा मी त्यालाच विचारलं. तो हसून म्हणाला, "आम्ही बटाटे वाहिले, भो."

मामा एएससीत, म्हणजे आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ट्रक ड्रायव्हर होता. श्रीनगर-लेह रस्त्यावर रेशन, रॉकेल आणि दारूगोळा पोचवायचा. पण बटाटे? हे कोणत्या तोंडाने सांगणार? मी गल्लीत आकडा जाहीर केला: पंचवीस. तोही मशीनगनने. माझी पत एकदम वाढली.

पुढे यथावकाश मी इंजिनिअर झालो, पुण्यात आयटीत चिकटलो. मामा सतरा वर्षं नोकरी करून घरी आला. एका कंपनीत ड्रायव्हर म्हणून लागला, पण सहा महिन्यांत ते सुटलं. कारण काय, तर हा रात्रीची ड्युटी करणार नाही म्हणे. घरात सगळ्यांचं एकमत झालं की मामा आखडू आहे, फौजी खाक्या अजून गेला नाही. (सगळ्यांत मीही आलोच.) मग तो दिवसपाळीचा वॉचमन झाला. सतरा वर्षं बर्फातून ट्रक काढलेला माणूस आता गेट उघडझाप करतो. आणि उघडायला दोन सेकंद उशीर झाला की माझ्याच वयाची पोरं कारमधून त्याच्यावर हॉर्न मारतात.

गेल्या डिसेंबरात जळगावला मावसभावाचं लग्न होतं. भरीत-पुरी हाणून रात्री मी आणि मामा धुळ्याला निघालो. मला झोप येत होती, म्हणून मामाच म्हणाला, "मी चालवतो." एरंडोल गेलं. पारोळ्याच्या अलीकडे रस्त्याला लागून एक लग्नाचं लॉन होतं. तिथे अचानक फटाक्यांची माळ आणि पाठोपाठ आकाशात मोठे बार सुरू झाले.

मामाने हेडलाइट बंद केले.

ताशी ऐंशीचा वेग, पुढे एक ट्रक आणि समोर मिट्ट काळोख. मी ओरडलो. असतील तीन-चार सेकंद, पण मला ती पुरली. मामाने लाइट लावले, गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंग घट्ट धरून बसून राहिला. मी बरंच काही बोललो. ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझं संपल्यावर तो एवढंच म्हणाला, "तिथं लाइट दिसला की वरून गोळा यायचा."

कारगिलच्या त्या दिवसांत द्रासजवळची शिखरं घुसखोरांकडे होती आणि खालचा महामार्ग त्यांच्या नजरेत होता. म्हणून आपले ट्रक रात्री दिवे बंद करून जायचे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. हे मी कितीदा तरी वाचलं होतं. त्या ट्रकच्या स्टिअरिंगवर कोणीतरी बसलेलं असणार, एवढं मात्र डोक्यात आलं नव्हतं. आणि रात्रीची ड्युटी का नको, हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी देवपूरला मामाच्या घरी लॅपटॉपवर 'फर्स्ट ब्लड' लावला. १९८२ चा, रॅम्बोचा पहिला सिनेमा. मी केबलवर नंतरचेच पाहिले होते, १९८५ चा आणि अफगाणिस्तानातला १९८८ चा. पहिल्यात मशीनगनचा सडा असेल अशी माझी समजूत! प्रत्यक्षात अख्ख्या सिनेमात एकच माणूस मरतो, तोही हेलिकॉप्टरमधून पडून. व्हिएतनामहून परतलेल्या रॅम्बोला एका गावात साधं जेवायलाही थांबू देत नाहीत, इथून भांडण सुरू होतं. शेवटी तो आपल्या जुन्या कर्नलसमोर ढसाढसा रडतो. लाखो डॉलरची यंत्रं माझ्या हवाली होती, इथे मला गाड्या पार्क करायची नोकरीही टिकवता येत नाही, असं म्हणतो. डेव्हिड मोरेलच्या मूळ कादंबरीत (१९७२) तर तो मरतोच. सिनेमात वाचला. पण पुढच्या भागांत रडणारा माणूस मागे पडला आणि मशीनगन उरली.

आपल्याकडे नाना पाटेकरच्या 'प्रहार'ने (१९९१) ही तडजोड केली नाही. त्यातला पीटर जखमी होऊन फौजेतून घरी येतो आणि मुंबईत हप्ता मागणाऱ्या गुंडांकडून मारला जातो. सगळे बघतात, कोणी बोलत नाही. मेजर चव्हाण सूड घेतो खरा, पण शेवटी त्याची रवानगी मनोरुग्णालयात होते. सिनेमा संपल्यावर शिट्टी मारावीशी वाटत नाही.

तर, रॅम्बोचं रडणं चालू होतं. मामा चहा पीत बघत होता. इंग्रजी त्याला फारसं कळत नाही. मला वाटलं, म्हणेल फौजी असा रडतो का. तो अहिराणीत म्हणाला, "हाऊ रडस ते बरं करस."

मग मी त्याला पंचविसाची गोष्ट सांगितली. एवढ्या वर्षांनी. तो इतका हसला की चहा सांडला. मग गप्प झाला. थोड्या वेळाने विचारलं, "आणि बटाट्याचं कोणालाच नाही सांगितलं?"

नाही सांगितलं, मामा. आज सांगतोय.